सहा टिंबांची ॲनी

‘रत्नागिरी’ हे नाव ब्रेलमध्ये लिहायला नऊ घरे लागतात. पहिल्या घरात र. दुसऱ्यात एकटे चौथे टिंब. पुढच्या अक्षराचा पाय मोडला आहे, याची ती आगाऊ वर्दी. मग त, न, आ, ग, इ, र आणि शेवटी ई. ‘गि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची की ग, हा डोळस मुलांचा घोळ इथे उद्भवतच नाही. जो उच्चाराचा क्रम, तोच लिहिण्याचा. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी, असे १९५१ साली ठरले आणि ‘भारती ब्रेल’ रूढ झाली. ज्यांनी ती मांडली त्यांनी आपल्या लिपीचा दिखावा बाजूला ठेवून तिचा कान तेवढा जपला. या एका निर्णयाला मी नेहमी दाद देत आलो आहे.

आता या नऊ घरांपैकी दोनच घरे जवळून पाहू. ब्रेलच्या घरात टिंबांच्या दोन उभ्या ओळी असतात: डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. ह्रस्व इ म्हणजे दुसरे आणि चौथे टिंब. दीर्घ ई म्हणजे तिसरे आणि पाचवे. कागदावर काढून बघा. दोन्ही अक्षरांत टिंबे दोनच आणि त्यांचा तिरकेपणाही तोच. ह्रस्व इ एक पायरी खाली उतरली की दीर्घ ई झाली. डोळ्याला यात गंमत वाटते. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटाला मात्र घाम फुटतो. टिंबांमधले अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास, उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. रिकाम्या टिंबांची जागा बोटाला लागतच नाही, कारण तिथे काही नसतेच. बोटाखाली दोन टिंबे आली, ती वरची जोडी की खालची, हे ठरवायचे कशावरून? शेजारी बसून बोट धरून सांगणारे कोणी असेल तर मूल शिकते. पण वर्गात बोटे पुष्कळ असतात आणि ती धरणारे हात दोनच.

ही अडचण नेमकी ओळखून घडवलेली एक वस्तू म्हणजे ‘ॲनी’. ती ब्रेल शिकवते. मूल आणि यंत्र यांच्यातल्या सवाल-जवाबातून शिकवते. तिची सुरुवात रत्नागिरीच्या दक्षिणेला, कोकण रेल्वेच्याच वाटेवर, गोव्यात झाली. झुआरीनगरला बिट्स पिलानीचा गोवा परिसर आहे. तिथे शिकणाऱ्या संस्कृती डावले आणि अमन श्रीवास्तव यांनी २०१४च्या सुमारास ‘प्रोजेक्ट मुद्रा’ नावाचा एक नमुना जुळवला. पुढे दिलीप रमेश आणि सैफ शेख हेही सोबत आले आणि ‘थिंकरबेल लॅब्ज’ ही कंपनी उभी राहिली. इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट आपण पुष्कळ पाहतो. त्यातले बहुतेक तोंडी परीक्षेपर्यंत जगतात. हा जगला आणि वाढला. का जगला, ते त्याच्या रचनेतच दिसते.

मुद्रेचा मूळ विचार अगदी साधा होता. पत्त्याच्या आकाराचा एक छोटा संगणक, रास्पबेरी पाय. इंग्लंडात केंब्रिजला घडलेला, २०१२ साली पस्तीस डॉलरला बाजारात आलेला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी डोक्यावर घेतलेला. त्याला जोडलेले ब्रेलचे घर. तुम्ही अक्षर उच्चारायचे, यंत्राने ते ऐकायचे आणि त्याची टिंबे वर उचलायची. बस. पहिल्या नमुन्याकडून अपेक्षा एवढीच असते की त्याने एकच प्रश्न विचारावा, पण तो खरा विचारावा. मुद्रेचा प्रश्न होता: कानावर पडलेले अक्षर त्याच क्षणी बोटाखाली आले तर मूल एकटे शिकू शकेल का? विद्यार्थ्यांच्या नमुन्यांत बहुधा उलटे होते. दहा सोयी, बारा दिवे, आणि प्रश्न एकही नाही. इथे हावरेपणा नव्हता, हे मला त्या नमुन्याचे पहिले सौंदर्य वाटते.

मुद्रेपासून ॲनीपर्यंतचा प्रवास हा त्या एका प्रश्नाला फुटत गेलेल्या फांद्यांचा आहे. अक्षर दाखवता आले, पण ते नुसते दाखवणे झाले. मुलाला ते कळले की नाही, हे यंत्राला कळायला हवे. म्हणजे मुलाने उलट उत्तर द्यायला हवे. म्हणजे लिहिण्याची सोय हवी. लिहिलेले बरोबर की चूक हे लगेच सांगायला हवे. चूक असेल तर पुन्हा त्याच अक्षराकडे न्यायला हवे. एकेक भाग असा गरजेतून आत आला आहे. ॲनीवर आज जे आहे ते मोजून घेतले, तर वाचायला मोठ्या टिंबांचे घर आणि नेहमीच्या मापाची घरे, लिहायला सहा कळांचा कळफलक आणि विजेवर चालणारी ब्रेल पाटी, आणि या सगळ्यांना ओवणारा आवाज. यातला एकही भाग काढला तर काहीतरी अडते. एकेकापाशी थोडे थांबू.

मोठ्या टिंबांचे घर प्रथम. इथे टिंब बोटाच्या टोकाला सहज वेगळे लागते, मधली रिकामी जागाही मापता येते. आपली इ-ई इथे आणून पाहा. घराची चौकट एका जागी पक्की बसलेली आहे. वरची कड कुठे, खालची कुठे, हे मुलाच्या हाताला ठाऊक झाले आहे. आता तिरकी जोडी वर आहे की खाली, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ज्या रिकामेपणाने कागदावर मुलाला फसवले, तोच इथे खुणेचा दगड होतो. मोठे करून दाखवणे ही युक्ती कोणालाही सुचेल. पण मोठे केल्यामुळे टिंबांपेक्षा टिंबांमधली मोकळी जागा वाचता येते, हे ज्याच्या लक्षात येते त्याला या घराची खरी चव कळते.

पण मोठ्या घरावरच मूल रेंगाळले तर ब्रेल बिघडते. ब्रेल दाबून वाचायची नसते. बोट डावीकडून उजवीकडे हलके सरकत राहते आणि त्या सरकण्यात आकार उमटतो. स्थिर बोटाला टिंबे बोथट लागतात. म्हणूनच नेहमीच्या मापाची घरे शेजारी हवीत, तीही एकापुढे एक. यामागे लुई ब्रेल या माणसाची सगळी अक्कल उभी आहे. शार्ल बार्बिये या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची पद्धत काढली होती. ती हुशारीची होती, पण एक अक्षर एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे, चाचपडावे लागे. ब्रेलने टिंबे निम्मी केली. १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने आपली पद्धत छापून काढली. सहा टिंबांतून त्रेसष्ट आकार होतात आणि प्रत्येक आकार एका स्पर्शात येतो. ॲनी मुलाला मोठ्या घरातून या छोट्या घरांकडे सोडते, तेव्हा ती त्याला यंत्रातून पुस्तकाकडे ढकलत असते. आपल्यापासून दूर जाण्याची वाट ज्या उपकरणात आधीच आखलेली आहे, त्याच्या कर्त्यांना मी शिक्षक म्हणेन.

कळफलक हा माझा फार आवडता भाग. टिंबांच्या कळा सहाच. डाव्या हाताच्या तर्जनीखाली पहिले टिंब, मधल्या बोटाखाली दुसरे, अनामिकेखाली तिसरे. उजव्या हाताला त्याच क्रमाने चौथे, पाचवे, सहावे. अक्षराची सगळी टिंबे एकदम दाबायची, पेटीवर तीन-चार पट्ट्या एकत्र धराव्यात तशी. ही मांडणी ॲनीच्या कर्त्यांनी शोधलेली नाही, आणि शोधली नाही हेच त्यांचे शहाणपण. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या डेव्हिड एब्राहम यांनी घडवलेले पर्किन्स ब्रेलर १९५१ साली तयार होऊन बाहेर पडू लागले. तेव्हापासून जगभरच्या दृष्टिहीनांच्या बोटांत हीच मांडणी मुरली आहे. ॲनीवर शिकलेले मूल उद्या कोणत्याही शाळेतल्या ब्रेलरपुढे बसले तरी त्याची बोटे परकी ठरणार नाहीत.

इथेही आपली इ-ई आणून बघा, फार सुंदर काही सापडते. ह्रस्व इ लिहायला डाव्या हाताचे मधले बोट आणि उजव्या हाताची तर्जनी. दीर्घ ई लिहायला डावी अनामिका आणि उजवे मधले बोट. म्हणजे दोन्ही हात एकेक बोट बाहेर सरकले की ह्रस्वाचा दीर्घ झाला. वाचताना जी जोडी खाली उतरत होती, ती लिहिताना बाहेर उघडते. व्याकरणाच्या तासाला ह्रस्व-दीर्घाने मराठी मुलांचा जितका छळ केला आहे तितका दुसऱ्या कशाने केला नसेल. इथे तो भेद थेट हातात उतरतो. ‘रत्नागिरी’तली गि आणि री या मुलाला पाठ करावी लागत नाही, ती दोन वेगवेगळ्या हालचाली असतात.

आता पाटी. हिच्यावर लिहिणे फार अवघड, आणि ॲनीत तिला जागा दिली आहे याचे मला अप्रूप वाटते. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत कागद अडकवायचा आणि स्टायलसच्या टोकाने टोचत जायचे. टोचलेले टिंब मागच्या बाजूला उठते. त्यामुळे कागद उलटून वाचायचा आणि लिहायचे मात्र उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे करून. डावी-उजवीचा घोटाळा झाला की काय होते ते पाहा. ह्रस्व इ उलटी पडली की ती ए होते. र उलटा पडला की ठ. ‘गिर’ लिहायला बसलेल्या मुलाच्या कागदावर ‘गेठ’ उमटते, आणि ते त्याला कागद काढून, उलटून, पुन्हा चाचपल्यावर कळते. शिक्षकांना तर त्याहून उशिरा, वही तपासायला घेतल्यावर.

चूक करणे आणि चूक कळणे यांच्यात पडणारा हा वेळ, हाच ब्रेल शिकण्यातला खरा शत्रू आहे. डोळस मूल अक्षर काढता काढताच ते पाहत असते. हाताला डोळा पदोपदी सावरतो. पाटीवर लिहिणाऱ्या मुलाला ही सोबत नसते. ॲनीच्या पाटीवर टिंब टोचले की यंत्राला कळते, आणि लिहिलेल्याचे उत्तर कानावर येते. पाटी तीच, हात तसाच चालतो, सवय जुनीच. बदलला तो फक्त उत्तराचा वेळ. सगळ्या रचनेत या एका जागेवर मी सर्वाधिक फिदा आहे. पाटी कालबाह्य म्हणून काढून टाकणे सोपे होते. पण गावाकडच्या शाळेत, वीज गेल्यावर, प्रवासात, मुलाच्या पिशवीत हीच राहणार आहे, कारण ती स्वस्त आहे आणि तिला बॅटरी लागत नाही. जे साधन मुलाच्या हातात शेवटी उरणार आहे त्याचाच सराव यंत्राने करून घ्यावा, हा विचार प्रयोगशाळेत बसून येत नाही. त्यासाठी अंधशाळेच्या बाकावर जाऊन बसावे लागते.

आवाजाबद्दल थोडक्यात. धडे बोलतात ते माणसाच्या आवाजात, स्थानिक धाटणीच्या उच्चारांत. यंत्राच्या सपाट आवाजावर भागवता आले असते, पैसेही वाचले असते. पण ज्या मुलाला अक्षराची पहिली ओळख कानातूनच होते, त्याच्यासाठी उच्चार हाच अक्षराचा चेहरा. धड्यांत खेळ आहेत, मुलांची आपसांत चुरस आहे. वर्गातल्या कोणाचे गाडे कुठे अडले, हे शिक्षकांना दाखवणारी ‘हेलिओस’ नावाची व्यवस्थाही आहे. तिच्याबद्दल मी फार उत्साही नाही. आकडे आणि आलेख आता सगळीकडेच मिळतात. पण वीस मुलांपैकी कोणाचे बोट आत्ता धरायला हवे, एवढे जरी तिने सांगितले तरी काम झाले.

ॲनी हे नाव हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांच्यावरून आले. १८८७च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या टस्कम्बियाला हातपंपाखाली हेलनचा एक हात धरून, दुसऱ्या तळहातावर ‘पाणी’ या अर्थाचा शब्द बोटांनी लिहिणारी ती बाई. वस्तू आणि अक्षर एकाच क्षणी मुलीला मिळाले म्हणून भाषा उघडली. मुद्रेच्या पहिल्या नमुन्यात अक्षर कानावर आणि बोटाखाली एकाच वेळी येत होते, ते याच जातकुळीचे. आणि आणखी एक धागा, जो सहज निसटतो: ॲन सुलिव्हन यांची स्वतःची दृष्टी लहानपणापासून अधू होती, आणि त्या शिकल्या पर्किन्सच्या शाळेतच. म्हणजे ॲनीच्या कळफलकाचे माहेर आणि तिच्या नावाचे माहेर एकच. कर्त्यांनी हे जाणून केले की योगायोगाने झाले, याने फरक पडत नाही. जमून आले आहे.

कौतुक भरपूर झाले आहे, तेही सांगून टाकतो. एप्रिल २०१६मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले असता केटने या यंत्रावर आपल्या मुलाचे ‘जॉर्ज’ हे नाव लिहून पाहिले. रांचीच्या अंधशाळेत ॲनीचा वर्ग उभा राहिला. ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्या पर्वात तिला गुंतवणूकदार मिळाले. अमेरिकेत केंटकीमधली ‘अमेरिकन प्रिंटिंग हाऊस फॉर द ब्लाइंड’, म्हणजे १८५८ साली स्थापन झालेली, दृष्टिहीनांसाठी पुस्तके आणि साधने बनवणारी संस्था, ॲनी तिथल्या मुलांना ‘पॉली’ या नावाने देते. गोव्याच्या वसतिगृहातून निघालेल्या कल्पनेला या क्षेत्रातल्या इतक्या जुन्या घराने आपले म्हणावे, याचे मोल मला राजघराण्याच्या भेटीपेक्षा जास्त वाटते.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: आता फोन सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेलचा खटाटोप कशाला? ज्याने नुसते ऐकले आहे त्याला ‘रत्नागिरी’ विचारून बघा. कोणती वेलांटी कुठे, त ला न कसा जोडला, हे कानातून कळत नाही. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा, औषधाच्या डबीवर खूण करायची, गणिताची मधली पायरी परत जाऊन पाहायची, तर अक्षर बोटाखाली हवे. माझी तक्रार वेगळी आहे. ॲनीच्या घरांत अक्षर येते, शब्द येतो. पान येत नाही. परिच्छेद कुठे सुटला, वर परत कसे जायचे, अनुक्रमणिकेत बोट कसे फिरवायचे, हे शिकायला कागदच लागतो. आणि भूमितीची आकृती, नकाशा, आलेख या गोष्टी सहा टिंबांच्या घरात मावतच नाहीत. ॲनीचा हा दोष नव्हे, तिची वेस आहे. तिने ती ओळखून आपले काम वेशीच्या आत पुरे केले.

वेशीबाहेरचे काम मात्र पडून आहे, आणि म्हणून हे सगळे रत्नागिरीत बसून लिहितो आहे. आपल्या फिनोलेक्स अकादमीत, आंबवच्या राजेंद्र माने महाविद्यालयात दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले प्रोजेक्टचा विषय शोधत असतात. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या घराडी गावात ‘स्नेहज्योती’ हे दृष्टिहीन मुलांचे निवासी विद्यालय आहे. बोटांनी वाचता येईल असा किनारपट्टीचा नकाशा, हाताला लागेल अशी त्रिकोणाची आकृती, क्षणात उमटणारी आणि क्षणात पुसता येणारी, यापैकी काहीही पुरेसे स्वस्त आणि पुरेसे चांगले अजून झालेले नाही. विषय नक्की करण्याआधी परवानगी घेऊन त्या शाळेत एक दिवस बसून या. मुले कुठे वाचतात, कुठे अडतात, तेवढेच बघा. रास्पबेरी पाय परत आल्यावर विकत घ्या.